सासूबाई कम्प्युटरात अडकतात

आमच्या शहापूरच्या सरकारी वसाहतीत कम्प्युटर उघडून परत बंद करता येणारा माणूस एकच आहे आणि तो मी आहे, असं मी त्या शनिवारी सकाळी चहा पिता पिता वंदनाला सांगितलं. वंदना म्हणजे माझी बायको. ती चपात्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "बंद करता येतो, ते मी पाहिलंय कितीदा."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. तीन महिन्यांचा सरकारी कोर्स केलेल्या माणसाने असल्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नसतं. त्या कोर्सच्या परीक्षेत मला आमच्या साहेबांपेक्षा जास्त मार्क पडले होते. हे मी कुणाला सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

काम तसं किरकोळ होतं. कम्प्युटरातलं जुनं विंडोज अठ्ठ्याण्णव काढायचं आणि त्या जागी एक्सपी टाकायचं. जुना भाडेकरू काढून नवा ठेवायचा, इतकंच. भिंती त्याच, सामान तेच.

आता हे कशासाठी ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल याला सुखात राहवत नाही. माझी सासुरवाडी मुरबाडच्या पुढं, सिद्धगडाच्या अंगाला. तिथं आमच्या समाजाने नवीन बुद्धविहार बांधला होता आणि बुद्धपौर्णिमेला त्याचं उद्घाटन होतं. विहाराच्या पायाला गावातल्या बायकांनी नदीतून डोक्यावर दगड वाहून आणलेले. माझ्या सासूबाईंनी, चिमाबाईंनी, दगड वाहता वाहता त्यावर गाणं रचलं. 'एक धोंडा माझा गो बाय, एक धोंडा तुझा,' अशी त्याची सुरुवात. ऐकलं की अंगावर काटा यायचा, जावई असूनही. उद्घाटनाला ते त्यांनी म्हणायचं हे ठरलेलं होतं. पण मध्येच त्यांचे दात हलायला लागले आणि डॉक्टर म्हणाला, सगळे काढावे लागतील, कवळी बसेल ती पौर्णिमेनंतरच. म्हणून दात काढायच्या आदल्या दिवशी मी सासूबाईंना आमच्या घरी बसवलं, माइक लावला आणि गाणं कम्प्युटरात भरून घेतलं. कल्पना माझीच.

दुसऱ्या दिवशी दात गेले. गाणं राहिलं.

तेव्हापासून सासूबाईंनी तोंडाला पदर लावला तो लावलाच. बोलायचं ते पदराआडून. आणि गावभर सांगत सुटल्या, "माझं गानं जावयाच्या कम्प्युटरात हाय. आता मी मेले तरी वाजंल." हे सुंदराबाईच्या दारावरून जाताना जरा मोठ्यानं सांगायच्या. सुंदराबाई म्हणजे गावातली दुसरी गाणारी. दोघींचं वैर कशावरून सुरू झालं ते दोघींनाही आठवत नाही, त्यामुळे ते मिटवताही येत नाही. सुंदराबाईचे सगळे दात शाबूत होते. चिमाबाई नाहीत तर मग सुंदराबाई, असं गाव म्हणणार हे उघड होतं, आणि ते होऊ नये म्हणूनच हा सगळा खटाटोप.

गाणं ठेवायचं कुठं यावरही चर्चा झाली. जपायच्या वस्तू आत डी ड्राइव्हमध्ये ठेवाव्यात असं कोर्समध्ये शिकवलेलं. मी तसं म्हटलं मात्र, सासूबाई उसळल्या. "आत? आत काळोखात माझं गानं? मी काय मागल्या दारची हाय काय गो वंदना? फुडं ठेवा. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसंल असं." एका लग्नात मांडवात पुढची खुर्ची मिळाली नाही म्हणून न जेवता चालत घरी गेलेली ही बाई. कोर्सवाले गेले उडत म्हणून मी गाणं स्क्रीनवर एकदम दर्शनी, मधोमध ठेवलं आणि खाली इंग्रजीत 'चिमाबाई' असं नाव टाकलं. आत डीमध्ये माझे रजेचे अर्ज, गुलाबाच्या फुलांची चित्रं आणि एक क्रिकेटचा गेम होता. त्यांना मानपानाची फिकीर नव्हती. ते आतच राहिले.

मग मेहुण्याचा फोन आला. मुकेश, विहार कमिटीचा सेक्रेटरी. "भावोजी, साउंडवाला बोलतो, गानं सीडीवर पायजे. कम्प्युटर उचलून मांडवात आनू नका म्हनं." मी सीडी लिहिणारं यंत्र आणून बसवलं. ते म्हणालं, मला अठ्ठ्याण्णव चालत नाही, मला एक्सपी लागतं. नव्या नवरदेवासारखं, आल्या आल्या मागण्या. कचेरीतल्या एकाने एक्सपीची सीडी दिली. त्याला ती त्याच्या साडूने दिली होती. तिच्यावर स्केचपेनने लिहिलं होतं, 'चालते.'

राहिला प्रश्न लाइटचा. त्या वर्षांत लोडशेडिंग असं होतं की लाइट आली की लोक एकमेकांना हाका मारून सांगायचे. मी आदल्या दिवशी वायरमनला रस्त्यात गाठून विचारलं. तो म्हणाला, "शनवारी बिनधास्त बसा. दुपारपर्यंत नाय जात."

बसलो. सीडी घातली, बटणं दाबली. इंग्रजीतल्या अटी आल्या, त्या न वाचता मान्य केल्या. सरकारी नोकरीत हे अंगवळणी पडलेलं असतं. निळा पडदा आला आणि कोपऱ्यात उमटलं: अंदाजे एकोणचाळीस मिनिटं लागतील. ही मिनिटं आपल्या मिनिटांसारखी नसतात. मी दाढी केली, एकोणचाळीस. आंघोळ केली, एकोणचाळीस. मग एकदम छत्तीस झाली. मी आनंदाने वंदनाला हाक मारली. ती हात पुसत आली, स्क्रीनकडे बघितलं आणि लाइट गेली.

वायरमन संध्याकाळी म्हणाला, "मी बोललो ते बाजारपेठेच्या लाइनचं. तुमच्या लाइनचं तुमी विचारलंच नाय."

दुपारी लाइट आली. तोवर मी बराच विचार केला होता आणि सीडी आत अडकून गरम झाली असणार या निष्कर्षावर आलो होतो. म्हणून मी सीडी काढून घेतली आणि बटण दाबलं. काळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ. एनटीएलडीआर इज मिसिंग. सासूबाई नाहीत, गुलाबाची फुलं नाहीत, काही नाही.

"कोन मिसिंग हाय?" मागून आवाज आला. शेजारचे केरूकाका खिडकीत उभे होते. भातसानगरला धरणावर गेट ऑपरेटर होते, आता रिटायर होऊन मुलाकडे राहतात. त्यांचा अनुभव दांडगा. जगात जे जे म्हणून बिघडतं, ते आत दाब साठल्यामुळे बिघडतं, असं त्यांचं मत आहे. माझ्या पोटदुखीपासून केंद्र सरकारपर्यंत सगळ्याला त्यांनी एकच उपाय सांगितलेला आहे.

"एनटीएलडीआर," मी म्हटलं.

"कोन तो?"

"माहीत नाही."

"मग गेला तर गेला ना! वळखीचा पन नाय, आनि रडतोस कशाला?"

काका आत आले, खुर्ची ओढून बसले आणि कम्प्युटरच्या डब्याला कान लावला. "दाब हाय," म्हणाले. "आमचा गेट अडकला की आमी काय करायचो? आधी भोंगा. मग मानसं मागं. मग हलक्या हातानं दाब सोडायचा. गो वंदना, तू मागं हो. आजून मागं. महेंद्रा, समद्या वायरी काढ. आता ते बटन दाबून धर. धर, धर, सोडू नको. आतला करंट उतरतोय बघ."

मी बटण दाबून उभा. वंदना पार मोरीपाशी. भोंगा नव्हता म्हणून काकांनी तोंडाने काढला, त्याने समोरच्या बिल्डिंगमधली दोन माणसं गॅलरीत आली. त्यांनाही काकांनी हाताने मागं व्हायला सांगितलं आणि ती झाली. सगळ्या वायरी परत जोडल्या, बटण दाबलं. एनटीएलडीआर इज मिसिंग.

काकांनी बराच वेळ त्या ओळीकडे बघितलं. "मग आता एकच," उठता उठता म्हणाले. "अशा टायमाला आमी खालच्या गावांना कळवायचो."

खालच्या गावांचाच फोन आला. मुकेशच्या मोबाइलवरून सासूबाई.

"जावयबापू, माझं गानं बरं हाय ना?"

"मजेत आहे, आई."

"मंग जरा वाजवा बगू फोनवर. ही सुंदरा बसलीय हितं. तिला खरंच वाटत नाय."

"लाइट नाहीये, आई."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. वंदनाने पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. फोन ठेवल्यावर म्हणाली, "माझ्या आईच्या तोंडात दात नाय. दुसऱ्यांदा ती गायची नाय, तुम्ही पाया पडलात तरी. ते गाणं मला परत पायजे." एवढंच बोलली आणि आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

शहापुरात कम्प्युटर दुरुस्तीची दोन दुकानं होती. पण दोन्हीकडे मी येता-जाता उभा राहून गिऱ्हाइकांना सल्ले द्यायचो. तिथं स्वतःचा डबा घेऊन कुठल्या तोंडाने जायचं? म्हणून मुरबाड. मुरबाडला स्टँडच्या मागं नवशाचं दुकान होतं. तो पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, मग मोबाइल, आणि आता पाटीवर खाली नव्या रंगात कम्प्युटरही आला होता. आणि मुरबाडात मला कोणी ओळखत नव्हतं.

सोमवारी रजा टाकली. डबा तांदळाच्या गोणीत भरला, तोंड सुतळीने बांधलं आणि निघालो. वसाहतीच्या गेटवर वॉचमनने अडवलं.

"साहेब, गोनीत काय?"

"कम्प्युटर. माझा आहे. घरचा."

"सरकारी माल न्यायला पास लागतो."

"अरे, सरकारी नाहीये."

"मंग सरकारी नाय असा पास आना."

आता वसाहतीतून माल बाहेर नेण्याचे पास देणारा कारकून मीच. मी तिथंच खिशातून पेन काढलं. वॉचमन नम्रपणे म्हणाला, "स्वतःचा पास स्वतः नाय देता येत, साहेब. रूल हाय." रूल आहे हे मला माहीत होतं. मागच्या वर्षी एकाने तसं केलं तेव्हा तो रूल मीच टाइप करून साहेबांपुढे सहीला ठेवला होता. मग रजेवर असलेला मी गोण घेऊन कचेरीत गेलो. माझ्या जागी बसलेल्याला सगळी हकिगत सांगितली, त्याने ती शेजारच्याला सांगितली, शेजारच्याने साहेबांना. साहेब केबिनमधून बाहेर आले, गोणीकडे बघितलं आणि म्हणाले, "कोर्समध्ये हे नव्हतं वाटतं?" पास मिळाला.

स्टँडवर कमळूची जीप उभी होती. किन्हवलीवरून मुरबाडला जाते ती. मधल्या सीटवर जागा मिळाली. गोण मांडीवर घेऊन बसलो, आणि खरं सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "कमळू, थांब रे! म्हातारीला टाकून चाल्ला व्हय?"

पदर तोंडाला. हातात पिशवी. सासूबाई. कवळीचं माप द्यायला सकाळीच शहापूरला आल्या होत्या.

"आगो बाय! जावयबापू! आनि ह्यो गोनीत काय?"

माणसाला खोटं सुचतं तेव्हा ते कुठून येतं याचा अभ्यास व्हायला पाहिजे. मी म्हणालो, "स्टॅबिलायझर. फ्रीजचा. बिघडलाय."

त्यांना ते पटलं. का पटणार नाही? त्यांच्या लेखी कम्प्युटर म्हणजे तो टीव्हीसारखा दिसणारा, ज्याच्यावर त्यांचं नाव होतं. खालचा डबा त्यांनी कधी डोळे भरून बघितलाच नव्हता. जीपमध्ये जागा नव्हती. कमळू म्हणाला, "चिमामावशी, त्या गोनीवरच बसा. मजबूत दिसते." मी तोंड उघडेपर्यंत गोण खाली पायांत गेली होती आणि सासूबाई तिच्यावर बसल्या होत्या.

रस्ता कसा आहे हे त्या बाजूला गेलेल्यांना सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला सासूबाई वर जायच्या आणि स्वतःच्याच गाण्यावर दाणकन येऊन बसायच्या. प्रत्येक वेळी माझ्या तोंडून आवाज निघायचा. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमची कंबर धरलीय काय?" मी हो म्हणालो. त्यांनी पिशवीतून मलम काढून दिलं. वाटेत त्यांनी सगळ्या जीपला सांगितलं की पौर्णिमेला माझं गानं सीडीवर वाजनार हाय, जावयानं भरून घेतलंय, लई शिकलेला हाय. जीपमधल्या लोकांनी माझ्याकडे आदराने बघितलं. मी मलम लावत बसलो.

मुरबाडला उतरल्यावर मी म्हटलं, "आई, तुमची पुढची जीप लागली असेल."

"ती भरल्याबिगर नाय सुटत. चला, मी बी येते. तुमाला ह्ये दुकानदार फसवतील."

नवशाने गोण सोडली, डबा टेबलावर ठेवला, त्याच्याकडची स्क्रीन जोडायला वायर शोधायला लागला. मी घाईघाईने म्हणालो, "स्क्रीन नंतर जोडा हो. आधी फक्त एवढंच, काल-परवा बदलायला गेलो आणि मध्येच लाइट गेली." नवशाने मान डोलावली. आठवडाभरातला हा पाचवा, म्हणाला.

"मग आतलं समदं पुसून नवीन टाकावं लागंल, सर. आत काय ठेवन्यासारखं हाय काय?"

सासूबाई माझ्या कोपराला कोपर लावून उभ्या होत्या. मी नवशाकडे बघून भुवया उडवल्या. डोळा मिचकावला. मान अशी हलवली की समजणाऱ्याला नाही वाटावं आणि बघणाऱ्याला हो. नवशा म्हणाला, "डोळ्यात काय गेलं का सर?"

"ते... म्हणजे... तसं बघितलं तर..."

"आवो, इस्टॅबिलायझरात काय ठेवन्यासारखं असतंय?" सासूबाई पदराआडून कडाडल्या. "पूस रे पोरा! समदं पूस. लई विचारत नको बसू."

नवशाने माझ्याकडे बघितलं. नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागलं असतं. मी हसलो. त्या हसण्याचा अर्थ त्याने हो असा घेतला.

आता एकच मार्ग होता. सासूबाईंना जीपमध्ये बसवायचं आणि पळत परत यायचं. मी त्यांना जवळजवळ ओढतच त्यांच्या गावाकडे जाणाऱ्या नारिवलीच्या जीपपाशी नेलं. आत दोन माणसं आणि एक बकरी. ड्रायव्हर टपावर पाय पसरून झोपलेला. "कधी सुटणार?" "भरली का." मी रस्त्यावर बघितलं. दूर नवशाच्या दुकानात पंखा फिरत होता, म्हणजे लाइट होती, म्हणजे पुसणं चालू होतं.

आणि मग मी ओरडायला लागलो. "नारिवली, नारिवली! चला, लगेच सुटणार! एकच सीट!" एका बाईच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. एका म्हाताऱ्याला दंडाला धरून आणला, त्याला कुठं जायचं होतं ते विचारलंही नाही. ड्रायव्हर उठून बसला आणि कौतुकाने बघायला लागला. पाच-सहा जण जमले असतील, तेवढ्यात मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. आमच्या कचेरीत कामासाठी खेपा घालणारे एक गृहस्थ. ज्यांना मी मागच्याच आठवड्यात 'उद्या या' म्हणालो होतो.

"साहेब," ते म्हणाले, "रजेवर हाय म्हणाले तुम्ही. हा साइड धंदा काय?"

"बसा," मी म्हणालो. "नारिवली."

"मला नाय जायचं नारिवलीला."

"बसा, तुमचं काम उद्या करतो."

ते बसले. जीप सुटली. सासूबाईंनी खिडकीतून हात हलवला. त्यांच्या डोळ्यांत जावयाबद्दल एवढा अभिमान मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

मी पळत दुकानात आलो. नवशा चहा पीत होता. स्क्रीनवर हिरवीगार टेकडी आणि निळं आभाळ, ढगसुद्धा जागच्या जागी. एक्सपी असं टाकलं होतं की बघत राहावं.

"झालं, सर. फस्क्लास. पुढचं समदं साफ केलं. आतल्या डीला हात पन नाय लावला, ते जसंच्या तसं हाय."

बघितलं. खरंच होतं जसंच्या तसं. रजेचे अर्ज होते. गुलाब होते. क्रिकेटचा गेम मी एकदा उघडून बघितला. तोही चालत होता.

घरी आल्यावर वंदनाला सांगितलं. सगळं नाही, पण निकाल सांगितला. तिने रिकामी गोण झटकून तिची घडी घातली. मग म्हणाली, "आईला तुम्ही सांगायचं. मी नाय." केरूकाका आले, टेकडी बघितली आणि म्हणाले, "बघ, दाब गेला!" मुकेशला फोन केला तेव्हा तो हळूच म्हणाला, "मग सुंदरामावशीला तयार राहायला सांगू काय?" मी म्हटलं, तू सेक्रेटरी आहेस, तू ठरव. इतका लोकशाहीवादी मी आयुष्यात कधी नव्हतो.

पौर्णिमेपर्यंत सासूबाईंचे रोज फोन आले आणि रोज मी सांगायचं ठरवून गाणं मजेत आहे असं सांगितलं.

पौर्णिमेला सकाळी विहार पांढराशुभ्र दिसत होता. निळे झेंडे, पताका, बाजूला जनरेटर. भंतेजी आले, बुद्धवंदना झाली, पंचशील झालं. सासूबाई नव्या पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत, स्पीकरच्या बरोबर समोर. शेजारी ज्या बायकांनी दगड वाहिले त्या. माझ्याकडे कम्प्युटरशी संबंध नाही असं काम दिलेलं होतं. वंदनाने घरून टेपरेकॉर्डर आणला होता, तो माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "निदान कार्यक्रम तरी भरून घ्या. दोन बटणं एकदम दाबायची असतात." हे ती मला सांगत होती.

मुकेशने माइक घेतला. "आता आपल्याला चिमाबाईंचं गाणं ऐकायचं होतं, पण काही तांत्रिक कारणामुळं..." त्याने माझ्याकडे बघितलं. सगळ्या मांडवाने माझ्याकडे बघितलं. "...त्याऐवजी सुंदरामावशी दोन कडवी म्हणतील."

मी टेपची दोन बटणं दाबली आणि खाली मान घातली.

सुंदराबाई गायल्या. दोन कडवी ठरली होती, सात म्हटली. खोटं कशाला बोलू, चांगल्या गायल्या. त्या गात असताना पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या आणि वाकत वाकत माझ्यापाशी आल्या.

"जावयबापू. माझं गानं कुठं हाय?"

"पुसलं गेलं, आई."

"कोनी पुसलं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर होतं. पण ते जावयाने द्यायचं उत्तर नव्हतं. "मी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता चप्पल निघणार. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते चपलेपेक्षा वाईट होतं. "मला वाटलं व्हतं, मी गेल्यावं वाजंल," एवढंच म्हणाल्या. तिकडे सुंदराबाईचं सातवं कडवं संपलं, टाळ्या वाजल्या. सुंदराबाईने माइकवरूनच विचारलं, "आजून एक म्हनू काय?"

सासूबाई ताठ झाल्या. तोंडावरचा पदर त्यांनी सगळ्या गावासमोर खाली ओढला, कमरेला खोचला आणि चालत माइकपाशी गेल्या. "व्हय बाजूला," सुंदराबाईला म्हणाल्या. "बोळकं तर बोळकं."

'एक धोंडा माझा गो बाय...'

दात नव्हते, शब्द फुटत नव्हते. धोंड्याचा नुसता वारा यायचा. पोरं हसायला लागली. आणि मग पहिल्या रांगेतून त्या दगड वाहिलेल्या बायकांनी, जिथं जिथं त्यांचा शब्द निसटत होता, तिथं तिथं तो उचलायला सुरुवात केली. त्यांनी अर्धी ओळ म्हणायची, बायकांनी ती पुरी करायची. तिसऱ्या कडव्याला सुंदराबाईचा आवाज त्यात ऐकू आला. पोरं हसायची थांबली. वंदना रडत होती. माझंही नाक वाहायला लागलं, ते मी जनरेटरच्या धुरावर ढकललं.

गाणं संपल्यावर सासूबाई घामेघूम होऊन माझ्यासमोर आल्या. बोळक्या तोंडाने हसत होत्या, पदर कमरेलाच होता.

"ह्ये भरलं ना?"

"भरलं, आई." मी टेप थोपटला. "एकदम आत ठेवतो या वेळी."

"ठेवा कुठं बी. नीट ठेवा म्हंजे झालं."

संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही टेप लावला. केरूकाकाही ऐकायला आले. सुंदराबाईची सातही कडवी स्वच्छ भरली होती. टाळ्या होत्या. 'आजून एक म्हनू काय' हेही होतं. मग सासूबाईंचं 'व्हय बाजूला' ऐकू आलं आणि कॅसेटची ती बाजू संपली.